ट्रॉम्सो ते स्वालबार्ड : बॅरेंट्स समुद्रातला आडवा दिवस

आर्क्टिक क्रूझच्या जाहिरातीत हिमनद्या असतात, पांढरं अस्वल असतं, आरशासारखं पाणी असतं. त्या पाण्यापर्यंत पोचण्यासाठी जो समुद्र ओलांडावा लागतो तो मात्र नसतो. नॉर्वेतल्या ट्रॉम्सोहून निघून बेअर आयलंडमार्गे उत्तरेकडच्या स्वालबार्ड द्वीपसमूहाला जाणाऱ्या सहलीत दुसरा दिवस जवळजवळ पूर्ण उघड्या समुद्रात जातो. जुलैत इथली वादळं हिवाळ्याच्या मानाने मवाळ असतात, पण आइसलँडकडून ईशान्येला सरकणारे कमी दाबाचे पट्टे उन्हाळ्यातही येतच राहतात. नागपूरकराचा बोटीशी संबंध अंबाझरीपुरता किंवा फार तर पेंचच्या जलाशयापुरता, म्हणून या दिवसाबद्दल इथे जरा जास्त लिहिलं आहे. बाकीचे दिवस सुखाचे असतात, त्यांना फार शिकवणी लागत नाही.

निघण्याआधी, नागपुरात

व्हिसा शेंगेनचा, पण एकदाच प्रवेश देणारा घेतला तर परतीच्या वाटेवर अडकाल. स्वालबार्ड नॉर्वेच्या ताब्यात असलं तरी शेंगेन क्षेत्राबाहेर आहे. ट्रॉम्सोहून जहाजाने बाहेर पडलात आणि स्वालबार्डच्या लाँगइयरब्येन गावाहून विमानाने ऑस्लोला आलात, की तो दुसरा प्रवेश धरला जातो. अर्ज करतानाच किमान दोन प्रवेशांचा व्हिसा मागायचा आणि सोबत जहाजाचा पूर्ण कार्यक्रम जोडायचा. विम्याचंही तसंच. शेंगेनसाठी लागणारा ३०,००० युरोचा किमान विमा व्हिसापुरता ठीक, पण तो स्वालबार्डला लागू आहे का आणि समुद्रातून हेलिकॉप्टरने उचलण्याचा खर्च त्यात येतो का, हे लेखी विचारून घ्यावं.

आता कुसळं. आर्क्टिकमध्ये बाहेरचं बी नेऊ नये म्हणून जहाजावर प्रत्येकाचे बूट, बॅगा आणि वेलक्रोच्या पट्ट्या तपासून व्हॅक्यूमने साफ करायला लावतात. फुटाळ्याला किंवा सेमिनरी हिल्सवर रोज फिरायला जाणारे बूट तेच असतील तर नाड्यांत, तळव्याच्या खाचांत आणि पॅन्टच्या दुमडीत गवताची कुसळं हमखास असतात. घरीच जुन्या टूथब्रशने आणि चिमट्याने काढून टाका. हे काम जहाजावर बहुधा दुसऱ्या दिवशी असतं, आणि हलत्या जहाजात मान खाली घालून वेलक्रोतलं कुसळ शोधणं हा मळमळ ओढवून घेण्याचा सगळ्यात जलद मार्ग आहे.

खाऊ नेताना नॉर्वेचा नियम ध्यानात ठेवावा: युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे खव्याची संत्रा बर्फी घरीच राहील. मुरमुरे, पातळ पोह्यांचा चिवडा, आलेपाक, मारी बिस्किटं, खाकरे चालतात आणि दुसऱ्या दिवशी उपयोगालाही येतात. त्यातही चिवडा कमी तिखट करून घ्या.

औषधं इथेच आपल्या डॉक्टरांशी बोलून घ्यायची. जहाज लागण्यावरच्या गोळ्या बहुतेक जुन्या अँटिहिस्टामिन वर्गातल्या: प्रोमेथाझिन (आपल्याकडची २५ मिलिग्रॅमची अ‍ॅव्होमिन), मेक्लिझिन, सिनारिझिन, डायमेनहायड्रिनेट. या सगळ्यांनी कमीअधिक झोप येते. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर डॉक्टरांना तसं आधी सांगायला हवं, विशेषतः कानामागे लावायची स्कोपोलामिनची पट्टी वापरायची असेल तर. ही पट्टी लावल्यावर काम करायला काही तास लागतात आणि ती तीन दिवस चालते. हात लावल्यावर साबणाने धुवावेत, डोळ्याला तो हात लागला तर बाहुली मोठी होऊन धूसर दिसतं. आपल्याकडे उलटी म्हटलं की ओंडान्सेट्रॉन घ्यायची सवय आहे. पोटाच्या विकारात ती उत्तम, पण प्रवासाची मळमळ रोखण्यात तिचा फारसा उपयोग होत नाही, कारण ही मळमळ पोटातून सुरूच होत नाही. आतल्या कानातला तोल सांभाळणारा अवयव ‘हलतोय’ म्हणतो, समोरची भिंत पाहणारे डोळे ‘स्थिर आहे’ म्हणतात, आणि त्या भांडणातून ती उठते. नवीन गोळी आधी एक दिवस घरीच घेऊन पाहा. कोणाला नुसती पेंग येते, कोणी पार गळून जातो.

गोळ्या हातातल्या बॅगेत. सोनेगावहून मुंबई किंवा दिल्ली, तिथून पुढे एक बदल, मग ऑस्लो आणि ट्रॉम्सो अशा चार टप्प्यांत सामान मागे राहण्याची शक्यता खरी असते. ट्रॉम्सोला निदान एक रात्र आधी पोचावं, जहाज कोणाच्या बॅगेसाठी थांबत नाही.

राहता राहिली केबिन. वरच्या मजल्यावरची, बाल्कनीची, पुढच्या टोकाकडची केबिन सगळ्यात महाग आणि खवळलेल्या समुद्रात सगळ्यात वाईट. जहाज साधारण मध्यभागाभोवती गोते खातं, त्यामुळे दोन्ही टोकं सर्वांत जास्त वरखाली होतात, आणि उंची वाढेल तसा डोलण्याचा झोकाही वाढतो. घाटात एसटीच्या शेवटच्या बाकावर बसलेल्याला हे वेगळं समजवायला नको. खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मधोमध असलेली केबिन स्वस्त पडते आणि त्या एका दिवशी तिची किंमत कळते.

पहिला दिवस : ट्रॉम्सो

ट्रॉम्सो ६९ अंश ३९ मिनिटांवर आहे, आर्क्टिक वृत्ताच्या बरंच वर. पूल ओलांडून १९६५ सालचं पांढरं त्रिकोणी आर्क्टिक कॅथेड्रल बघता येतं. दुपारी चारच्या सुमारास जहाजावर प्रवेश, सहाला प्रयाण. जहाज शंभरेक मीटर लांबीचं, बर्फासाठी मजबूत केलेल्या सांगाड्याचं, दीडशेच्या आसपास प्रवाशांचं. स्वालबार्डच्या संरक्षित भागात २०२५ पासून २०० पेक्षा जास्त प्रवाशांची जहाजं जाऊ शकत नाहीत, त्यामुळे तरंगत्या शहरासारखी जहाजं या वाटेला नसतात.

आधी सुरक्षेची कवायत. सात छोटे आणि एक लांब भोंगा झाला की गरम कपडे आणि लाइफ जॅकेट घेऊन ठरलेल्या जागी जमायचं. ती नीट करा, कारण उद्या याच जिन्यांवरून धरून धरून चालायचं आहे आणि कठडे कुठे आहेत हे आजच पाहून ठेवलेलं बरं.

ट्रॉम्सोहून निघाल्यावर पहिले चार तास पाणी शांत असतं. दोन्ही बाजूंना बेटं आणि डोंगर असतात, त्यांच्या आडोशाने जहाज सरकतं, सगळे डेकवर फोटो काढतात आणि म्हणतात, ‘एवढंच ना?’ फसवणूक इथेच होते. रात्री दहाच्या आसपास फुग्लया हे पक्ष्यांचं बेट मागे पडलं की आडोसा संपतो. गोळी घ्यायची ती आठला, जेवणाच्या सुमारास, लाटा लागण्याच्या निदान तास-दोन तास आधी. एकदा मळमळ सुरू झाली की जठराची हालचाल मंदावते आणि गोळी आतड्यापर्यंत पोचतच नाही, किंवा वर येते. गोळी घेतलेल्या रात्री दारू नको.

झोपण्याआधी पंधरा मिनिटं केबिनला द्यावीत. टेबलावरचं सगळं खाली. कॅमेरा आणि लॅपटॉप जमिनीवर, बॅगेत, भिंतीला टेकवून. काचेची बाटली टॉवेलात गुंडाळून कपाटात. खण आणि कपाटाची दारं खटका बसेपर्यंत बंद, नाहीतर रात्रभर आपटतात. पलंग जहाजाच्या रुंदीच्या दिशेने असेल तर डोकं आणि पाय आळीपाळीने वर जातात, लांबीच्या दिशेने असेल तर माणूस कडेला घरंगळतो. त्यावर खलाशांचा जुना उपाय आहे: लाइफ जॅकेट किंवा जादा ब्लँकेट गादीच्या बाहेरच्या कडेखाली खुपसायचं, म्हणजे गादी भिंतीकडे कलते आणि आपण त्या खोबणीत बसतो. आंघोळही आजच उरकून घ्या.

दुसरा दिवस : समुद्रात

सकाळी सहाला सूचनाफलकावर लिहिलेलं असतं: वारा पश्चिमेचा, ३० ते ३३ नॉट, म्हणजे वाऱ्याच्या जोराच्या बोफर्ट मापात ७. ताशी साधारण ५५ ते ६० किलोमीटर. लाटांची उंची ४ मीटर. हा आकडा वाचताना एक गोष्ट माहीत हवी. समुद्राच्या अंदाजात दिली जाणारी उंची ही सगळ्यात उंच एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते. म्हणजे बहुतेक लाटा त्याहून लहान, पण अधूनमधून एखादी दुपटीच्या जवळ जाणारी. नेमकी तीच चहाचा कप हातात असताना येते.

तरीही उंचीपेक्षा दिशा महत्त्वाची. ट्रॉम्सो आणि बेअर आयलंड दोन्ही जवळपास १९ अंश पूर्व रेखांशावर आहेत, म्हणजे वाट सरळ उत्तरेची. वारा पश्चिमेचा, लाटाही पश्चिमेच्या. म्हणजे त्या बरोबर कुशीत बसतात, आणि जहाजाला सगळ्यात जास्त डोलवतात त्या याच आडव्या लाटा. बर्फात चालणाऱ्या जहाजांचा तळ गोलसर असतो. तो बर्फात उपयोगाचा, उघड्या समुद्रात मात्र जहाज जास्त डोलतं. पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंख असतात, ते वळून डोलणं बरंच कमी करतात. पण पंख चालतात ते वेगावर. जहाज मंदावलं की त्यांचा जोर कमी होतो, आणि नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, वरखाली जाण्यावर तर त्यांचा इलाज नाहीच.

म्हणून कप्तान नागमोडी चालतो. सरळ उत्तरेऐवजी जहाज ३० अंश डावीकडे, वायव्येच्या बाजूला वळवतो, म्हणजे लाटा कुशीऐवजी नाळेच्या बाजूने तिरप्या येतात. डोलणं कमी होतं, गोते वाढतात. काही तासांनी उलट, ३० अंश उजवीकडे. आता लाटा मागच्या बाजूने तिरप्या येतात, आणि जहाज एकाच वेळी डोलतं, गोता खातं आणि थोडं पिळवटतं. आपटणं थांबतं, पण बऱ्याच जणांना हाच टप्पा पहिल्यापेक्षा वाईट वाटतो. लाउडस्पीकरवर वळण्याची सूचना येते, ती ऐकून हातातलं सगळं खाली ठेवावं आणि बसावं, कारण वळताना काही मिनिटं लाटा अगदी आडव्या येतात. तुटणाऱ्या बश्यांपैकी पुष्कळ त्याच वेळी तुटतात.

या नागमोडीने अंतर सुमारे १५ टक्के वाढतं. फुग्लयापासून बेअर आयलंड साधारण २४५ सागरी मैल. १२ नॉटने सरळ गेलं तर २० तास. नागमोडीत ते २८० मैलांच्या घरात जातं, आणि वेग १० नॉटवर आणला की २८ तास. म्हणजे संध्याकाळी सहाचं बेट मध्यरात्रीनंतर दोनला. ‘कार्यक्रम बदलला’ म्हणून काउंटरवर भांडायला जाणाऱ्यांनी हा हिशेब करून पाहावा.

वेग का कमी करतात तेही ऐकू येतं. नाळ लाटेवरून मोकळी होऊन खाली आदळते तेव्हा ‘धाड्’ असा आवाज होतो आणि पूर्ण जहाज एखादा सेकंद थरथरतं. दगडावर आपटल्यासारखं वाटतं, पण ते पाणीच असतं. मागचा भाग उचलला गेला की जहाज ढकलणारा पंखा (प्रोपेलर) पाण्याबाहेर डोकावतो, त्यावरचा भार एकदम सुटतो आणि यंत्राचा सूर चढतो. हे दोन्ही आवाज वारंवार यायला लागले की वेग उतरवतात. आवाज धोक्याचे नाहीत. धोका माणसांच्या चालण्यात आहे.

उलटीने कोणी सहसा गंभीर होत नाही, पडून होतं. खवळलेल्या दिवसाची खरी दुखापत म्हणजे मनगट, खुबा आणि दारात चिरडलेली बोटं. लोखंडी अग्निरोधक दारं झोक्याबरोबर स्वतःच मिटतात, म्हणून चौकटीला कधी धरायचं नाही, हँडल धरायचं. एक हात कायम कठड्यासाठी मोकळा. दोन्ही हातांत ताट घेऊन जायचंच नाही, वाढपी आणून देतो, त्यात संकोच कसला? चपला, स्लिपर नकोत, मागून पट्टा असलेले किंवा बंद बूट हवेत. जिना झोका संपेपर्यंत थांबून उतरायचा. पुरुषांनीही कमोडवर बसूनच. शॉवर टाळा, ओल्या रुमालाने अंग पुसा, कारण झोक्यासरशी पाणी उंबऱ्यावरून खोलीत येतं आणि फरशी निसरडी होते. सत्तरीच्या आजीआजोबांना तर त्या दिवशी एकट्याने हिंडू देऊ नये. जवळचं मोठं रुग्णालय ट्रॉम्सोला, म्हणजे मागे.

तोवर कर्मचाऱ्यांनी बाहेरचे डेक बंद केलेले असतात, लिफ्ट थांबवलेली असते, खालच्या मजल्यावरच्या गोल खिडक्यांवर लोखंडी झाकणं चढलेली असतात. जिन्याच्या कठड्यांत कागदी पिशव्या खोचलेल्या दिसतात. जेवणघरात खुर्च्या साखळीने जमिनीला बांधलेल्या, टेबलावर ओलं कापड किंवा रबरी जाळी, म्हणजे ताटं घसरत नाहीत. तळणीची कढई बंद. सूप मगमध्ये, तेही अर्धाच मग.

खायचं काय? रिकामं पोट मळमळ वाढवतं, भरगच्च पोटही. दर दोन तासांनी मूठभर मुरमुरे, दोन मारी, कोरडा टोस्ट, हिरवं सफरचंद. आल्याने कोणाला आराम पडतो, कोणाला नाही, त्रास मात्र सहसा होत नाही, तेव्हा आलेपाकाचा तुकडा तोंडात असू द्यावा. कॉफी, तळकट, आंबट फळांचा रस नको. जहाजात अधूनमधून ‘इंडियन करी’ करतात, तिच्या वासाने केबिनमध्ये पडलेले आणखी पडतात. सावजीच्या तर्रीवर वाढलेल्या माणसाला त्या दिवशी साधा भात हवा असतो, आणि मागितला तर मिळतो.

उलट्या झाल्या तर घोटघोट ओआरएस. एक लिटर पाण्याचं पाकीट एक लिटरमध्येच, अर्ध्या ग्लासात नाही. दोन-दोन घोट, पाच मिनिटांनी परत. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेणारे आणि मधुमेहाची औषधं घेणारे यांनी खाणं थांबलं की वाट न पाहता जहाजाच्या डॉक्टरांना गाठायचं. पाणी कमी झालं किंवा साखर उतरली की चक्कर येते, आणि ती समुद्राची समजून अंगावर काढली जाते. गोळी पोटात टिकतच नसेल तर डॉक्टर इंजेक्शन देतात. ते मागायला लाजू नये.

बसायची उत्तम जागा म्हणजे जहाजाच्या मध्यावर, खालच्या बाजूच्या मजल्यावर, क्षितिज दिसेल अशा खिडकीशी, समोर तोंड करून. क्षितिज दिसलं की डोळे आणि कान यांचं एकमत होतं. तेही सोसवत नसेल तर पाठीवर आडवं पडून डोळे मिटायचे. बसून मोबाइल बघणं हा दोन्हीच्या मधला आणि सगळ्यात वाईट पर्याय. दुपारी अस्वल आणि रबरी होड्यांच्या नियमांचं सक्तीचं व्याख्यान असतं, त्याला दाराजवळची खुर्ची पकडावी. बहुतेक जहाजांत ते केबिनमधल्या टीव्हीवरही दिसतं.

खिडकीशी बसणाऱ्याला एक मोबदला मिळतो: फुलमार. राखाडी, जाड मानेचा हा पक्षी जहाजामागे तासन्‌तास येतो आणि पंख जवळजवळ हलवत नाही. लाटेच्या उतारावर वारा मंद आणि वर जोरात असतो, त्या फरकातूनच तो उडण्याचं बळ मिळवतो, म्हणून वारा वाढेल तसा तो अधिक मजेत दिसतो.

संध्याकाळी बेटाच्या जवळ जाताना वारा तोच राहूनही समुद्र जास्त ओबडधोबड होतो. बेअर आयलंड स्पिट्सबर्गन बँक नावाच्या उथळ पठारावर आहे. खोल पाण्यात दहा सेकंदांच्या लाटेची लांबी दीडशे मीटरच्या आसपास असते. पाण्याची खोली त्याच्या निम्म्याहून कमी झाली की लाटेला तळ जाणवतो, ती आखूड आणि उभी होते. ‘आता तर जमीन आली, मग हे काहून वाढलं बाप्पा?’ याचं उत्तर तळाशी आहे. धुकंही इथेच भेटतं, कारण अटलांटिकचं कोमट आणि आर्क्टिकचं थंड पाणी या बेटाजवळच एकमेकांना भिडतं.

तिसरा दिवस : बेअर आयलंड

रात्री दोनला उजेड असतोच. जुलैत इथे सूर्य मावळत नाही, त्यामुळे उशिरा पोचूनही काही बुडत नाही. पश्चिमेचा वारा असल्याने जहाज बेटाच्या आग्नेयेला, वाऱ्याआड येऊन थांबतं आणि अर्ध्या तासात लोक केबिनमधून बाहेर पडू लागतात, भुकेले.

१५९६ साली डच दर्यावर्दी विलेम बॅरेंट्स इथे आला, समुद्राला नाव त्याचंच. आज बेटावर नॉर्वेच्या हवामान केंद्राचे मोजके लोक राहतात. दक्षिणेचे कडे ४०० मीटरहून उंच आहेत आणि त्यांवर गिलेमॉट आणि किटीवेक हे समुद्रपक्षी लाखोंनी बसतात. रबरी होडीत दहा जण, काठावर बसून, आतल्या बाजूला पाय. चढताना खलाशाचा हात बोटांनी धरायचा नाही, त्याचं मनगट आपण आणि आपलं मनगट त्याने. एकाची पकड सुटली तरी दुसऱ्याची राहते. लाट होडी वर आणते त्या क्षणी पाऊल टाकायचं, आणि कधी ते खलाशी सांगतो. लाटांचा फुगारा एक-दीड मीटरच्या वर गेला किंवा वारा २५ नॉटपलीकडे गेला की सहसा फेरी रद्द होते. कड्याखाली टोपी हवीच, आणि वर बघताना तोंड मिटलेलं.

चौथा दिवस : हॉर्नसुंड

चौदा-पंधरा तासांचा टप्पा, पण वारा उतरलेला आणि शरीर सरावलेलं. जहाजाची सवय व्हायला बहुतेकांना दोन ते तीन दिवस लागतात, तेव्हा गोळी आज डॉक्टरांना विचारून बंद करता येते. हॉर्नसुंडच्या फ्योर्डमध्ये शिरताच पाणी सपाट. १९५७ मध्ये उभारलेलं पोलंडचं संशोधन केंद्र उत्तर किनाऱ्यावर दिसतं, पुढे हिमनद्यांच्या भिंती. अस्वल दिसलं तरी जवळ जायचं नाही: २०२५ पासून ३०० मीटर, आणि १ मार्च ते ३० जून ५०० मीटर अंतर कायद्याने राखायचं आहे. म्हणून ८ किंवा १० पटीची दुर्बीण कॅमेऱ्यापेक्षा जास्त उपयोगी पडते.

पाचवा दिवस : नी-ओलेसुंड

७८ अंश ५५ मिनिटांवरच्या या वस्तीत भारताचं हिमाद्री केंद्र आहे, २००८ साली सुरू झालेलं. बाहेरून पाटी पाहता येते. इथे उतरण्याआधी मोबाइल फ्लाइट मोडवर, घड्याळाचं ब्लूटूथही बंद: इथल्या वेधशाळेच्या अँटेना फार क्षीण रेडिओ लहरी टिपतात आणि वायफाय त्यात घुसतं. १९२६ मध्ये ध्रुवसंशोधक आमुंडसेनचं ‘नोर्गे’ हे वायुपोत (एअरशिप) ज्याला बांधलेलं होतं आणि जिथून ते ध्रुवाकडे निघालं, तो मनोरा अजून उभा आहे.

सहावा दिवस : लाँगइयरब्येन आणि परतीची वाट

जमिनीवर पाय ठेवला की जमीन हलते. बंदिस्त न्हाणीघरात, डोळे मिटून तोंड धुताना, हे जास्त जाणवतं. मेंदूने जहाजाचा झोका गृहीत धरलेला असतो आणि तो हिशेब सोडायला त्याला वेळ लागतो. बहुतेकांचं दोन दिवसांत जातं. चालत राहावं, लांबवर बघावं, झोपून राहू नये. मळमळीच्या गोळ्यांचा यावर फारसा उपयोग नसतो. नागपूरला उतरल्यावरही डोलल्यासारखं वाटत असेल तर सोनेगावहून गाडी दुसऱ्या कोणाला चालवू द्यावी, आणि महिना उलटूनही ते राहिलं तर कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवताना ‘जहाजातून आल्यापासून’ हे आवर्जून सांगावं. तेवढ्या माहितीने निदान लवकर होतं.